तिसऱ्या कोटेशनची वाट

एखादी वस्तू घ्यायची म्हटली की मोरेश्वरराव तिच्यावर इतका विचार करत, की विचार संपेपर्यंत कंपनी ते मॉडेलच बंद करायची. डिशवॉशर त्यांच्या घरात असा तीनदा येता येता राहिला होता. विजेवरची गाडी मात्र एका दुपारीत ठरली. याचं कारण साधं होतं. पैसे मीनाक्षीच्या वडिलांनी तिच्या नावे ठेवलेले होते, आणि ती शोरूममध्ये गेली तेव्हा मोरेश्वरराव बँकेच्या ट्रेनिंगसाठी लखनौला होते.

गाडी हौसेची नव्हती. आदर्श नगरातल्या एका शाळेनं मीनाक्षीला गणित शिकवायला घेतलं होतं. एक जुलैपासून, सकाळी सातला हजर. नवऱ्याच्या बदल्यांपायी तिनं नागपूर, भोपाळ आणि रायपूर अशा तीन गावांतल्या तीन शाळा सोडल्या होत्या, आणि दर वेळी निरोपसमारंभात भिंतीवरचं एक घड्याळ घरी आणलं होतं. आता जयपुरात, तिलक नगरात स्वतःचं घर झालं होतं. बावन्नाव्या वर्षी तिनं लायसन्स काढलं आणि चौथी नोकरी काही झालं तरी सोडायची नाही, असं स्वतःला बजावलं. पहाटेच्या ई-रिक्षाच्या भरवशावर सातच्या तासाला पोचता येत नाही, म्हणून ही गाडी.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी मोती डुंगरीच्या गणपतीपुढे नारळ फोडून गाडी घरी आली आणि पोर्चमध्ये जी विसावली ती विसावलीच.

"घरी नीट चार्जर बसल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही," मोरेश्वररावांनी जाहीर केलं.

गाडीबरोबर साध्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला लावायची केबल आली होती. रात्रभर लावून ठेवली तर मीनाक्षीची आठवड्याची शाळा आरामात झाली असती. ती केबल मोरेश्वररावांनी माळ्यावर टाकली. "तात्पुरत्या व्यवस्था कायमच्या होऊन बसतात," ते म्हणाले. घराचा वीजभार वाढवायचा अर्ज मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात केला आणि तो मंजूरही झाला. अर्ज करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. घोडं अडलं ते निवडीपाशी.

त्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला. तीन किलोवॉटचा चार्जर, सातचा, अकराचा आणि बावीसचा. केबल पाच मीटर की सात. अ‍ॅप असावं की नसावं. धुळीच्या वादळात टिकेल का. पंचेचाळीस डिग्रीत, पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारी चार वाजता त्याचं काय होईल. एक दिवस गच्चीवरच्या माकडांनी शेजाऱ्यांच्या डिश अँटेनाची वायर कुरतडली, तर संध्याकाळपर्यंत तक्त्यात 'माकडे' असा नवा रकाना उभा राहिला. त्या रकान्याची माहिती कोणत्याच कंपनीकडे नव्हती, म्हणून सगळ्यांना ईमेल गेले.

मे महिन्याचे तीन आठवडे बावीस किलोवॉटवर खर्ची पडले. शेवटी मीनाक्षीनं गाडीचं माहितीपुस्तक त्यांच्यापुढे उघडून धरलं.

"अहो, ही गाडी घरच्या चार्जरवरून सातच्या वर घेतच नाही. भिंतीवर बावीसचा लावा नाहीतर पन्नासचा, गाडीला मिळणार सातच."

"पुढचा विचार करायला नको?" मोरेश्वरराव चष्म्यावरून बघत म्हणाले. "उद्या दुसरी गाडी घेतली तर?"

पहिली अजून फाटकाबाहेर गेली नव्हती, हे सांगायचा तिला कंटाळा आला.

जूनमध्ये सातच्या चार्जरवर एकमत झालं. एकमत म्हणजे मोरेश्वररावांचं स्वतःशी. मग कोटेशनं मागवली. दोन आली. तिसरा दुकानदार चारदीवारीतला, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातला, चौडा रास्त्याकडचा. तो फोनवर दर वेळी "आज शाम तक भेजता हूँ, साहब" म्हणायचा आणि ती संध्याकाळ काही उगवायची नाही.

"दोन आहेत ना? त्यातलं एक घ्या."

"दोन कोटेशनांवर निर्णय होत नसतो, मीनाक्षी. उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे? घर आपलं, भिंत आपली, गाडी माझी."

चोवीस वर्षं ज्याला ऑडिटवाले विचारत आले, त्याला कोणीच विचारणार नाही ही कल्पना सहन होईना. पंधरा जून गेला, वीस गेला. मीनाक्षी कॅलेंडरवरचे उरलेले दिवस मोजायला लागली. बदलीची ऑर्डर आली तेव्हा तिनं रायपूरच्या शाळेलाही "जरा थांबा, घरचं ठरतंय" म्हणून कळवलं होतं, आणि शाळेनं जरासुद्धा न थांबता दुसरी बाई घेतली होती.

या सगळ्यात मोरेश्वररावांना आणखी एक ताप होता. बँकेच्या विभागीय कार्यालयात त्यांचं कामच ग्राहकांना फसवणुकीपासून सावध करण्याचं. आणि नेमकं त्यांनाच मे महिन्यापासून एका नंबरवरून फोन यायचे. सर, आपल्याला चार्जर मोफत आहे. सर, पत्ता सांगा. सर, ओटीपी येईल तो द्या. एकदा तर त्यांनी फोन स्पीकरवर टाकून मीनाक्षीला शिकवणी दिली. "बघ, माणूस गाडी घेतो न घेतो तोच यांना बातमी लागते. मोफत म्हटलं की समजायचं, गळ टाकलाय." त्यांनी त्या पोराला पोलिसांची धमकी दिली, नंबर ब्लॉक केला आणि कार्यशाळेत तो किस्सा टाळ्या घेत सांगितला.

सत्तावीस जूनला फोन मीनाक्षीला आला. शाळेचा असेल म्हणून तिनं अनोळखी नंबर उचलला.

"मैडम, नीरज बोल रहा हूँ, गाड़ी की कंपनी से. दो महीने से सर को फोन कर रहे हैं. सर हमें जेल भेज रहे हैं." आवाज रडकुंडीला आला होता. "चार्जर गाड़ी के साथ ही है, मैडम. फिटिंग भी. तीस तारीख के बाद स्कीम बंद."

मीनाक्षीनं शोरूमचे कागद काढले. अकराव्या पानावर ते लिहिलेलं होतं, तिच्याच सहीच्या वर. संपर्कासाठी नंबर मात्र तिनं नवऱ्याचा दिला होता. गॅसच्या पुस्तकापासून मुलाच्या शाळेपर्यंत, लग्न झाल्यापासून ती सगळीकडे त्यांचाच नंबर लिहीत आली होती. हात आपोआप तिकडेच वळायचा. स्वतःचा तिनं खाली, 'दुसरा नंबर' असं छापलं होतं तिथे लिहिला होता. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

ओटीपी आला. तिनं तो वाचून दाखवला.

एकोणतीसला नीरज ड्रिल घेऊन आला. केबल ओढून, अर्थिंग तपासून, उत्तरेच्या भिंतीवर चार्जर बसवून अडीच तासांत मोकळा झाला आणि एक ग्लास ताक पिऊन गेला.

संध्याकाळी मोरेश्वरराव स्कूटर लावता लावता थबकले. भिंतीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. मीनाक्षीनं सगळं सांगितलं.

"ओटीपी दिलास?" एवढंच त्यांनी ऐकलं. तिथेच उभं राहून त्यांनी चारही खात्यांतली शिल्लक तपासली. पैसा हलला नव्हता, आणि त्यानं ते जास्तच खट्टू झाले. चार्जरभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, केबल मोजली. पाचच मीटर भरली.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "झालं ते झालं. मी याला कार्योत्तर मंजुरी देतो. पण परवापासून लगेच गाडी नको. पंधरा दिवस चालवून बघू. शाळेला तसं कळव."

चार्जर भिंतीवर होता, गाडी भरत होती, अडायला आता काही उरलं नव्हतं. तरी पंधरा दिवस.

"अहो, खरं सांगा. अडचण काय आहे?"

मोरेश्वरराव बूट काढायला वाकले. वाकूनच म्हणाले, "तू साडेसहाला निघणार. मग माझा डबा?"

नागपूर, भोपाळ, रायपूर. दर वेळी तिला बँकेचा राग आला होता, बदलीचा आला होता, नशिबाचासुद्धा आला होता. या वाकलेल्या माणसाचा कधीच आला नव्हता. तो आत्ता आला, एकदम सगळा आला, आणि तिला हलकं वाटलं.

"मंजुरी मी मागितलेली नाही," ती म्हणाली. "किल्ली द्या."

त्यांनी कपाटातून किल्ली आणून दिली. तिनं चार्जरची केबल काढली, सीट पुढे ओढली आणि गाडी मागे घेतली. फाटकाजवळची मोगऱ्याची कुंडी खळ्ळकन फुटली.

"मीनाक्षी! थांब! म्हणजे, निदान बघ तरी!" मोरेश्वरराव एका पायात बूट घालून पोर्चमध्ये ओरडत होते.

कुंडी तिचीच होती. ती थांबली नाही. शाळेचा रस्ता एकदा उजेडात बघून ठेवायचा होता, म्हणून ती आदर्श नगरकडे वळली.