भाजल्या वरीचा वास

माझ्या धाकट्या दिराचं नाव मी घेत नाही. आमच्यात सासरच्या पुरुषांचं नाव सुनांनी घ्यायचं नसतं. सव्वीस वर्षं सरकारी फार्मवर जनावरांच्या खाद्याची जाणकार म्हणून नोकरी केली, चारचौघांत भांडले, साहेबांना उलट बोलले, पण ही एक सवय काही सुटली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि नाक पुसायची अक्कल नव्हती. मी त्याला शेंडेफळ म्हणायला लागले. आता तो पन्नाशीला टेकलाय, पोट सुटलंय, एकशेवीस गाभण मेंढ्यांचा धनी आहे, तरी शेंडेफळच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी अक्तोबे शहरातून गावी परतले. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, ती चांगली अडीच महिने अडकले. शेंडेफळ मोठ्या रस्त्यावर गाडी घेऊन उभा होता.

"आलीस? मला वाटलं तिकडेच एखादा म्हातारा गाठलास."

"गाठला होता रे. पण त्याच्याकडे मेंढ्या नव्हत्या."

तो खो खो हसला. नवरा गेल्यापासून माझी अशी थट्टा करायची हिंमत याच्या एकट्यात आहे आणि मला ती लागते, हे त्यालाही माहीत आहे.

वाटेत मात्र मला हसू येईना. फेब्रुवारीत बर्फावर पाऊस पडला आणि वर गोठला. माळरानभर काचेसारखं कवच. खालच्या गवतासाठी मेंढीने खूर मारला तरी ते फुटत नाही, फोडायला गेलं तर पाय रक्ताळतात. असल्या हिवाळ्याला आमच्याकडे एक नाव आहे, पण ते घरात कुणी उच्चारत नाही. दोन गावं लागली, दोन्हीकडे मेलेली मेंढरं कुंपणालगत रचून ठेवली होती.

"आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे तुझा खड्डा आहे ना!" तो म्हणाला. "अख्खा तालुका रडतोय आणि माझ्या मेंढ्या ढेकर देतायत. तुझ्या नावाने रोज दुवा मागतो."

खड्डा माझाच. दोन वर्षं त्याचा मका उन्हात जळाला तेव्हा मी हट्टाने त्याला वरी पेरायला लावली. वरीला पाणी कमी लागतं, दाणा चिकात असताना कापली आणि कुटी करून खड्ड्यात नीट दाबून, झाकून आंबवली की तिचा मुरघास मेंढीला मानवतो. गावाने नाकं मुरडली. वरी माणसाने खायची, मेंढीला कसली घालता! पण शेंडेफळाने ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकतो.

घरी चहालाही न थांबता त्याने मला खड्ड्याकडे नेलं. कापलेल्या तोंडाशी थर स्पष्ट दिसत होते. खाली पिवळसर हिरवा, वर पिवळसर हिरवा आणि मधोमध, कमरेच्या उंचीवर, गुडघाभर जाडीचा तपकिरी पट्टा. त्याने त्या पट्ट्यातून मूठभर मुरघास काढून माझ्या नाकाशी धरला.

"वास घे."

घेतला. भाजलेल्या वरीचा खमंग वास. आमच्याकडे पाहुणा आला की चहासोबत लोणी-साखरेत कालवलेली भाजकी वरी पुढे ठेवतात, आणि माझ्या सासूबाई ती भाजायला बसल्या की तीन घरं पलीकडे वास जायचा.

"आईच्या कढईतला वास," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "हे मी गाभण मेंढ्यांसाठी राखलंय. भाकड मेंढ्यांना आणि नरांना ते हिरवं, आंबूस. चांगलं ते लेकुरवाळीला, असं आईच म्हणायची ना?"

"कधीपासून घालतोयस?"

"सहा आठवडे झाले. अगं, तुटून पडतात नुसत्या!"

हा पट्टा कुठून आला ते मला लगेच कळलं.

सप्टेंबरातली गोष्ट. आमच्याकडे खड्डा भरायला मजूर लावत नाहीत. गाव मदतीला येतं आणि धनी मेंढा कापतो. निम्मा खड्डा भरून झाला आणि निरोप आला, तुलेउबायचा थोरला भाऊ गेला. तुलेउबाय म्हणजे आमचा शेजारी. गावात माणूस गेल्यावर ट्रॅक्टर चालू ठेवणारा घरात बसवून घेण्याच्या लायकीचा राहत नाही. सगळे तसेच उठून गेले. मीही गेले. थोरली सून म्हणून दोन दिवस मयताच्या घरी तेलात पोळ्या तळत उभी होते. खड्डा उघडाच राहिला. झाकायला हवा, हे मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आठवलंच नाही.

तिसऱ्या दिवशी माणसं पुन्हा जमली, दुसरा मेंढा कापून झाला. शेंडेफळ ट्रॅक्टरवर बसून म्हणाला, "वहिनी, बघ गं, ठीक आहे ना? वर नवा थर चढवू?" मी ढिगात हात घातला. कोपरापर्यंत भाजला. वरचा गुडघाभर थर काढून फेकायला हवा होता. वीस माणसं फावडी टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती. अर्धा दिवस त्यांच्याकडून घाण उपसून घ्यायची, तेही दोन मेंढे खाऊ घालून, आणि वर कबूल करायचं की इतकी शिकलेली बाई खड्ड्यावर प्लास्टिकचा कागद टाकायला विसरली. मला लाज वाटली. मी म्हणाले, "चढवा."

आता त्याच्या मागोमाग मेंढवाड्यात गेले. मेंढ्या गोल दिसत होत्या, पोटं फुगलेली, लोकर दाट. लांबून कुणीही फसेल. मी एकीच्या पाठीवर हात ठेवला. लोकरीखाली कणा करवतीसारखा लागला. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. दहावीनंतर हात लावायचं सोडून दिलं. पलीकडच्या भाकड मेंढ्यांच्या पाठी मात्र भरलेल्या होत्या.

तीन आठवड्यांत या व्यायणार होत्या. पोटातलं कोकरू आईच्या अंगचं मांस खाऊन वाढत होतं आणि आईच्या पोटात नुसता खमंग भुसा जात होता. असल्या मेंढ्या विताना मरतात, नाहीतर वितात आणि दूध उतरत नाही. हे मी फार्मवर दर वर्षी नव्या पोरींना फळ्यावर लिहून शिकवत होते.

"कशा आहेत?" शेंडेफळाने विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

बघते! हा शब्द आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. घरात गेले. धाकट्या जावेने, बालझानने, माझ्यासाठी मांस शिजवलं होतं, गळ्यात पडली, नातवाचे फोटो मागितले. मी खाल्लंसुद्धा. आणि खाता खाता मनात हिशेब मांडत होते की हिवाळाच इतका वाईट आहे, काही झालं तरी दोष हिवाळ्यालाच जाईल. मला कोण विचारणार?

तेवढ्यात तुलेउबाय आला. त्यालाही शेंडेफळाने मूठभर तपकिरी मुरघास दाखवला होताच.

"कामशात," तो मला नावाने हाक मारत म्हणाला, "यंदा मीपण वरीच करणार. पण मी काय म्हणतो, तुमचा खड्डा दोन दिवस उघडा राहिला म्हणून हा असा खरपूस झाला. माझ्या भावाची पुण्याई! मी तर मुद्दाम तीन दिवस उघडा ठेवणार."

"आणि प्रोटीनपण तेवढंच!" शेंडेफळाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मी दोन्ही थर शहरात तपासून आणले. हिरवं अकरा टक्के, हे अकरा टक्के. बोला!"

तुलेउबायने कागद लांब धरून वाचला आणि मान डोलावली. मी ताटातलं मांस संपवलं. खरं काय ते त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालझानची हाक आली. एक मेंढी बसली होती ती उठत नव्हती. मान पाठीकडे वळलेली, डोळे उघडे पण दिसत काही नसावं, समोर हात हलवला तरी पापणी लवेना. शेंडेफळ तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तपकिरी मुरघासाची मूठ तिच्या तोंडाशी धरत होता. "खा गं माझे आई, खा. बघ, भाजकी वरी आहे."

मी त्याचा हात झटकला. मुरघास शेणात सांडला.

"नको घालू तिला हे. कुणालाच नको घालू."

"अगं पण..."

"हे जळलेलं आहे. खड्ड्यात आतल्या आत जळलंय. वास चांगला येतो, मेंढी आवडीने खाते, आणि अंगी काही लागत नाही. प्रोटीन साखरेला चिकटून बसतं ते पोटात सुटतच नाही. तपासणीत ते मोजलं जातं, मेंढीला मिळत नाही. तुझा कागद खोटा नाही, पण मेंढीच्या उपयोगाचाही नाही."

बालझान कुंपणाला धरून उभी होती. तिच्या मागे तुलेउबाय आवाज ऐकून आला होता. शेंडेफळ आधी हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"विचारलं होतंस."

"तू हात घातला होतास."

"घातला होता. भाजला."

"आणि तरी चढवा म्हणालीस?"

"माणसं थांबली होती. मेंढा कापला होता. मला लाज वाटली."

"घरधनी, जाऊ दे," बालझान हळूच म्हणाली. "जाऊबाई मोठ्या आहेत."

"मोठ्या आहेत म्हणूनच विचारलं होतं ना!" तो ओरडला. एकदाच. त्यानंतर त्याने आवाज चढवला नाही. उठला, गुडघे झटकले आणि फावडं घेऊन खड्ड्याकडे गेला. तुलेउबाय कुंपणाशीच होता. "मग मी लगेच झाकायचा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "भाऊ पुन्हा मेला तरी लगेच झाक." असलं बोलायला नको होतं. पण तो रागावला नाही, मान हलवून गेला.

तपकिरी थर आम्ही तीन दिवस उपसून फेकला. हिरवा होता तो सगळा गाभण मेंढ्यांकडे वळवला, भाकड मेंढ्या आणि नर एकेक करून कापले. माझ्याकडे पेरायला ठेवलेलं वरीचं बियाणं होतं, तेही भरडून घातलं. सगळं करत होतो, पण सहा आठवड्यांची झीज तीन आठवड्यांत भरून निघत नाही हे मला माहीत होतं. शेंडेफळाने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो माझ्याशी बोलायचा, पण कामापुरतं. थट्टा बंद झाली. पलीकडच्या माझ्या घरी जाऊन मी दोनदा रडले, आणि रडून झाल्यावर स्वतःचाच राग आला, कारण मी रडत होते ती मेंढ्यांसाठी नव्हे, त्या थट्टेसाठी.

एप्रिल लागला आणि मेंढ्या व्यायला लागल्या. अठरा मेंढ्या विताना गेल्या. जगल्या त्यांची कोकरं मांजराएवढी.

कोकरू जवळ न घेणाऱ्या मेंढीसाठी आमच्याकडे बायका एक गाणं म्हणतात. मेंढीच्या पाठीवर हात फिरवत तेच तेच सूर लावायचे, मग ती नरमते, कोकराला हुंगते, पिऊ देते. गावात ते मला चांगलं येतं. त्या सकाळी बालझान बोलवायला आली तेव्हा मला वाटलं गाण्यासाठीच. धावत गेले.

पण मेंढीने कोकरू झिडकारलं नव्हतं. उलट ती मागचे पाय फाकवून उभी होती, मान वळवून त्याची शेपटी हुंगत होती. कोकरू कासेला ढुशा देत होतं, तोंड सोडून बें बें करत होतं, पुन्हा धरत होतं. मी खाली बसून कास दाबली. रिकाम्या हातमोज्यासारखी मऊ. नाकारणाऱ्या मेंढीसाठी आमच्याकडे गाणं आहे, आटलेल्या मेंढीसाठी नाही.

शेंडेफळ गाईच्या दुधाची बाटली घेऊन आला. मी कोकरू उचललं आणि फाटकाकडे निघाले, तशी ती मेंढी उठतबसत आमच्यामागे आली. तिचे पाय थरथरत होते. फाटक लावलं तर फळ्यांच्या फटीत तोंड घालून ओरडायला लागली.

"तिला वाटतंय आपण हिसकावून घेतलं," शेंडेफळ म्हणाला.

"आपण नाही," मी म्हणाले. "मी."

 कोकराने बाटलीची बोंडी तोंडात घेईपर्यंत शेंडेफळ थांबला आणि मग बाटली माझ्या हातात दिली.

"धर," तो म्हणाला. "अशी अजून सतरा कोकरं आहेत."