शेपटीकडची खूण

वर्षअखेरची साफसफाई म्हणजे ओसाकाच्या त्या प्रयोगशाळेत सणच. वरिष्ठ संशोधक उकाई कचऱ्याची पिशवी घेऊन फ्रीजरपुढे उभा होता आणि शिओरी काजितानी फ्रीजरच्या दाराला पाठ लावून.

"काजितानी, सरक ना. तुझं ते अनाथ बाळ टाकून द्यायला सेन्सेईंनीच सांगितलंय."

"अनाथ नाहीये ते."

पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप धाडतात. निरोप कळतो तो फक्त त्याच्या मापाचा रिसेप्टर अंगावर असलेल्या पेशीला. शिओरीच्या प्रथिनाचा रिसेप्टर काही केल्या सापडत नव्हता, म्हणून ते 'अनाथ'. आज फ्रीजरमधल्या त्याच्या ट्यूब कचऱ्यात गेल्या, की तिची पीएचडीही गेली. पुढे उकाईच्या कामाला हातभार लावत बसायचं.

"एवढे रिसेप्टर तपासले," मागून प्रयोगशाळेचे प्रमुख, मोरिवाकी सेन्सेई म्हणाले. हातात ओलं फडकं होतं. "एकानेही ओ दिली नाही."

"ओ कशी देतील? आपण निरोप्याच्याच तोंडात बोळा कोंबलाय."

उकाईला ठसका लागला.

प्रथिन दिसावं म्हणून त्याला चमकणारी खूण जोडतात. इथे ती कायम डोक्याकडच्या टोकाला. सेन्सेईंना तरुणपणी याच रीतीने मोठं यश आलं होतं, तेव्हापासून दुसऱ्या टोकाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"तुमचं प्रथिन शेपटीने चिकटायचं, म्हणून जमलं. माझं डोक्याने चिकटतं. मी खूण शेपटीला लावली, आणि एक रिसेप्टर चमकला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

सेन्सेईंचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "नुसती खूणच चिकटली असेल."

"म्हणून आधी बिनखुणेचं प्रथिन भरपूर ओतलं. त्याने जागा अडवली आणि चमक गेली. खूण चिकटत असती तर चमक राहिली असती."

"उकाईला करून दाखवू दे. आपल्या पद्धतीने."

"उकाईसान करू देत की. पण पद्धत माझी."

सेन्सेईंनी फडकं पिळलं. त्यात आता पाणी उरलं नव्हतं, तरी पिळत राहिले. "खिडक्या राहिल्यात," म्हणत ते वळले.

"हे 'हो' होतं की 'नाही'?" उकाई कुजबुजला.

"नाही म्हणाले नाहीत ना? मग हातमोजे घाला."

"आज?"

"आत्ता."

फ्रीजरचं दार तिने स्वतःच उघडलं. ट्यूबचा डबा मात्र उकाईच्या हातात दिला नाही.