हाक माझ्या नावाची

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. लाकडाची नव्हे, वेबसाइटच्या प्रोग्रॅममधली. माझं नाव रूट, म्हणजे वाट.

वेबसाइटवर कोणत्या पत्त्याला कोणतं पान दाखवायचं, हे सांगणारी ओळ माझ्या नावाने सुरू होते. एरवी प्रोग्रॅममध्ये काम करणारी वस्तू आधी घडवावी लागते, मग तिला काम सांगता येतं. माझ्याकडे ती कटकट नाही. माझं नाव लिहायचं, पुढे टिंबांच्या दोन जोड्या द्यायच्या आणि हुकूम सोडायचा. "किती सोपं!" असं लोक म्हणत आणि मी भाव खात असे.

पण सांगायलाही लाज वाटते, मला त्यातलं एकही काम येत नाही. हाक आली की मी आतल्या कोठारातून राउटर नावाचा खरा कामगार शोधते आणि निरोप त्याच्या कानावर घालते. तो आधीच घडवलेला असतो, फक्त कोणाला दिसत नाही. त्यातही माझा आळस असा, की पहिल्यांदा जो भेटला त्यालाच धरून बसते. पुन्हा शोधायला जात नाही.

हा आळस एका नव्या मुलीला भोवला. डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटवर रुग्णांना आपली वेळ बदलता यावी, म्हणून ती एक पान जोडत होती. नोकरीतलं तिचं पहिलंच काम. त्याआधी तिच्या मॅडमनी कोठारात नवा राउटर बसवून जुनी सगळी पानं त्याच्या हवाली केली होती. मी मात्र मुलीचा निरोप सवयीने जुन्यालाच देत राहिले. पत्ता उघडला की उत्तर द्यायचा नवा राउटर, आणि त्याच्यापर्यंत निरोपच पोचला नव्हता; म्हणून उत्तर एकच, पान सापडत नाही.

"अगं, एक ओळ लिहायची होती," मॅडम चारचौघांत म्हणाल्या. "उद्यापर्यंत नाही जमलं तर काम दुसऱ्याला देते."

"सॉरी मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय."

तिने ती बिनचूक ओळ पुसून पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. डोळे पुसले तेही मी पाहिलं. माझ्या चुकीची माफी ती मागत होती.

दुसऱ्या दिवशी तिने माझीच फाइल उघडली. आत कामाचं काहीच नव्हतं, होतं ते फक्त कोणाला बोलवायचं त्याचं नाव. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी अजून जुन्यालाच धरून बसलेय हे ओळखून तिने माझ्या आठवणीतला जुना राउटर पुसला, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि पान उघडलं.

"म्हणजे तुझी ओळ बरोबर होती," मॅडम म्हणाल्या. "मग काल सॉरी कशाला म्हणालीस?"

"मी नवी ना, मॅडम. वाटलं, इतक्या जुन्या गोष्टीचं कसं चुकेल?"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. काम बिघडलं तर नव्या माणसाला मान खाली घालायला लावण्याआधी एकदा मला उघडून बघा.