हार्ग्रीव्हकाकांची झांज

या, असे पुढं सरका. सतरंजी चांगली ऐसपैस आहे. आज एका तोफवाल्याची कथा सांगते, आणि तीही कीर्तनातली!

दोन हजार चौदा साल. डार्मश्टाटमधलं भाड्याचं सभागृह, आणि नंदिनीचं आयुष्यातलं पहिलं कीर्तन. आख्यान निवडलं होतं शेजारच्या हार्ग्रीव्हकाकांचं. काका ब्रिटिश नौदलात तोफखान्याचे अधिकारी. हेलकावणाऱ्या जहाजावरून नेम धरण्यात सारी नोकरी गेली, मग जर्मन बायकोच्या या गावी येऊन राहिले. निम्मे कान तोफांनी नेलेले. चहा पिता पिता त्यांनीच सारं सांगितलेलं.

ऐन वेळी तबलजी भास्करचा फोन. "वहिनी, त्सूग रद्द झाला, गाडीच नाही! फ्रँकफर्टलाच अडकलोय!"

"तालाशिवाय कीर्तन? फजिती होणार माझी!" नंदिनी रडकुंडीला आली.

पेटीवरून पद्माकर म्हणाला, "आल्झो, म्हणजे असं करू, मी पायानं ठेका धरतो."

"तू? आपल्या वरातीत बँड एकीकडे आणि नवरदेव भलतीकडे नाचत होता!"

काय अडलंय ते कळताच पहिल्या रांगेतले काका उठले. "सलामीच्या तोफा मी घड्याळाविना सोडायचो," ते इंग्रजीत म्हणाले. "एक ओळ पुटपुटायची, तिच्या चालीवर पावलं टाकायची. ओळ संपली की तोफ! द्या ती झांज."

आणि काय सांगू! ओठांत पुटपुट, जागच्या जागी पावलं, पावलागणिक झांज! नंदिनीचा गळा असा मोकळा सुटला म्हणता! कोवळ्या वयात जहाजावर चढलेला पोरगा, पहिला नेम, पहिली बढती... सभा डोलू लागली. मग आला तो प्रसंग. सरावात गोळा तोफेतच अडकला. गोळे भरणाऱ्या आर्थरनं सगळ्यांना बाहेर ढकललं आणि तोफेच्या खोलीचं दार आतून ओढून घेतलं.

ते नाव कानी पडलं, आणि झांज थांबली.

काकांचे हात हवेतच. मोडलं की हो कीर्तन! आता पुढं रेटावं कसं? नंदिनीनं आख्यान तिथंच सोडलं, हात उंचावले आणि गजरातच ते नाव गुंफलं, "विठ्ठल विठ्ठल, आर्थर, विठ्ठल!"

सभेनं एका दमात उचललं. दुसऱ्या फेरीला काकांचे ओठ हलले, पाऊल पडलं, आणि झांज अशी कडाडली की खिडक्या थरारल्या! आरती संपेपर्यंत थांबलीच नाही.

बुक्का लावून घेताना काका एवढंच म्हणाले, "आम्हाला वाचवून गेला तो. त्याचं नाव इतक्या जणांनी मिळून कधी घेतलं नव्हतं."

तेव्हा मंडळी, तुम्ही गजराला बसाल त्या दिवशी एकदा आर्थरचंही नाव घ्या. आठवण असू द्या त्याची.