खंडेनवमीचा सर्व्हर

तनुजानं सर्व्हरच्या बटणावरचं झेंडूचं फूल उचललं, तसे कार्यालय अधीक्षक रामलिंगअप्पा खुर्चीतून उठले.

"ओ म्याडम, पूजा मांडलेली हाय. हात नका लावू."

"बंद कोणी केलं हे?"

"मीच केलो. खंडेनवमी हाय. आज हत्यार चालवत नसतेत."

टेबलावर सर्व्हर हार घालून बसला होता. शेजारी प्रिंटर, स्टेपलर आणि शिपायाचा पाना. कुंकू सगळ्यांना सारखंच. सर्व्हर म्हणजे लॅबमधून बाद झालेला संगणक. उन्हाळ्याच्या सुट्टीत, बिनपगारी, तनुजानं त्यावर लिनक्स चढवलं, महाविद्यालयाचं संकेतस्थळ चालवायला एनजिनएक्स नावाची मुक्त स्रोत प्रणाली बसवली आणि कॉन्फिगरेशनमध्ये राहून गेलेल्या एका अर्धविरामापायी अख्खी दुपार घालवली. मुक्त स्रोत म्हणजे फुकट, एवढं प्राचार्यांना समजलं होतं. तेवढ्यावर त्यांनी कौतुक उरकलं. तनुजाही महाविद्यालयाला साधारण त्याच भावात पडायची. तासिका तत्त्वावर होती. दिवाळीनंतर पुन्हा नेमणूक झाली तर झाली.

"अप्पा, मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज याच्यावरच भरतात, आणि आज पाचपर्यंतच आहेत. उरलेल्या जागा संस्थावाले शिफारशीनं भरणार."

"मग? देवापरीस मोठं हाय का वसतिगृह?"

"प्राचार्यांच्या गाडीलाही हार घातलाय. ती आत्ताच पेढे आणायला गेली."

"गाडीचं येगळं," अप्पा म्हणाले. "तिला पेट्रोल लागतंय."

तनुजानं दात आवळले आणि प्राचार्यांना फोन लावला. अप्पांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"असं करा," प्राचार्य शांतपणे म्हणाले, "वेबसाइटवर सूचना टाका. 'खंडेनवमीनिमित्त संकेतस्थळ बंद आहे.' ठळक, लाल अक्षरात."

"सूचना दिसायला सर्व्हर चालू करावा लागेल, सर."

"मग करा की. सूचना महत्त्वाची."

हुकूम तो हुकूम. अप्पांनी मशीनला नमस्कार केला आणि स्वतःच हार बाजूला सारला. सर्व्हर सुरू झाला. तनुजानं पानाच्या माथ्यावर लाल सूचना लावली आणि खालचा अर्ज होता तसा राहू दिला. अर्ज काढा, असं काही प्राचार्य म्हणाले नव्हते. रागाच्या भरात आपण बऱ्याच हुशार आहोत, असं तिला थोडा वेळ वाटलं.

मग बराच वेळ एकही अर्ज आला नाही. तिनं सर्व्हरची नोंद उघडून पाहिली. माणसं येत होती, पान उघडत होती, निघून जात होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मदतीसाठी अर्जावर तिचाच नंबर दिला होता.

"म्याडम, नायगावहून शेषेराव बोलायलोय. सुकन्याचा बाप. उद्या किती वाजता उघडते साइट?"

"चालूच आहे, दादा. सूचनेच्या खाली अर्ज आहे, भरा."

"बंद हाय म्हणून लिव्हलंय की. वर लिव्हलेलं मोडून कसं भरावं? अर्ज भरून देनारा मल्टिसर्व्हिसवाला बी न्हाई म्हनला. पोरगी घरी गेली रडत."

"तिला परत बोलवा. आत्ताच्या आत्ता."

फोन ठेवताना तिचे कान तापले होते. या खेपेला प्राचार्य आणि अप्पा, दोघांच्याही आधी तिला स्वतःचाच राग आला. तिनं लाल ओळ पुसली आणि लिहिलं: 'वसतिगृहाचे अर्ज सुरू आहेत. आज सायंकाळी पाचपर्यंत भरावेत.'

अप्पा मागं उभे राहून वाचत होते.

"कोणाच्या हुकमानं ते लिव्हा. खाली नाव नसलं की कोणी मानत न्हाई."

तिची बोटं थांबली. मग तिनं टाइप केलं: 'तनुजा कल्याणकर, संगणक विभाग'. आणि जतन केलं.

"दिवाळीनंतरचं बघा म्हंजे," अप्पा हळूच म्हणाले.

पहिला अर्ज नायगावचा आला. त्यामागं अर्धापूरचा, मग उमरीचे पाठोपाठ. फोन पुन्हा वाजला. पडद्यावर प्राचार्यांचं नाव होतं. तिनं या वेळी स्पीकर चालू केला नाही.

"हो सर," ती म्हणाली. "मीच लिहिलंय."