जाळीपलीकडची भाऊबीज

आमच्या ह्यांना डिव्हायडर हवा होता. घरासमोर उलट्या दिशेने येणारी स्कूटर दिसली की भास्कररावांचं डोकं फिरायचं. मग म्युनिसिपालिटीत अर्ज, नगरसेवकाकडे खेपा. मी म्हणायची, अहो, अख्ख्या बडोद्याला शिस्त लावायचा मक्ता तुम्ही घेतलाय का? पण ऐकतील तर शपथ.

झाला एकदाचा डिव्हायडर. छातीएवढा, वर लोखंडी जाळी. नगरसेवकाने जाळीला बॅनर बांधलं, त्यावर ह्यांचा फोटो आणि खाली 'जागृत नागरिक'. रस्ता ओलांडायला मधे कट ठेवावा, हे मात्र कुणाला सुचलं नाही. ह्यांनासुद्धा!

आणि रस्त्यापलीकडे राहतं कोण? ह्यांचीच थोरली बहीण. कमळाताई गुडघ्यांनी बेजार, घरात एकट्या. मुलगा उन्मेष सारखा पुण्याला बोलावतो, त्यांचं एकच उत्तर: भाऊ समोर आहे, मी कशाला येऊ? रोज संध्याकाळी हे चहाला जायचे. आता त्या चहासाठी रिक्षा करून पार पुलाखालून वळून यायचं. थोडे दिवस गेले, मग आज नको, उद्या बघू. मी चिडले की म्हणायचे, अगं, फोन आहे ना.

भाऊबीजेला मात्र जाणं भागच होतं. भावाला ओवाळल्याशिवाय कमळाताई तोंडात घास घालत नाहीत, आणि त्यांना मधुमेह. सकाळीच निघालो, तर पुलाच्या कितीतरी अलीकडेच ही गर्दी! रिक्षावाला म्हणाला, काका, आगळ बधुं जाम छे, आणि इंजिन बंद करून बसला. दुपार झाली तरी आम्ही तिथेच. कमळाताईंचा फोन आला, हात थरथरतायत म्हणाल्या. खा हो काहीतरी, म्हटलं. नाही म्हणाल्या. शेवटी रिक्षा सोडली आणि तंगडतोड करत परत आमच्याच दारासमोर आलो. कमळाताईंना फोनवर म्हटलं, तुम्हीच जाळीपाशी या.

वॉचमनचा हात धरून त्या पलीकडून आल्या, तबक घेऊन. बस गेली की निरांजन विझायचं. कसंबसं ओवाळलं. कुंकू लावायला जाळीतून बोट घातलं, तर ह्यांना कपाळ जाळीला टेकवावं लागलं. कमळाताईंनी करंजीचा तुकडा मोडून खाल्ला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मग शेजारचं बॅनर त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिलं.

"भास्कर, हे तू मागून घेतलंस?"

ह्यांनी कपाळ जाळीपासून मागे घेतलं.

"तू समोर होतास म्हणून राहिले होते रे. आता इथून काय नि पुण्याहून काय, फोनच करायचा. उन्मेषला सांगते, ये म्हणून."

वॉचमनचा हात धरून त्या परत गेल्या. हे जाळी धरून उभे राहिले, मीच ओढून घरी आणलं. आल्या आल्या कागद घेऊन बसले, डिव्हायडरला कट हवा म्हणून अर्ज लिहायला. कपाळावर कुंकू, त्याच्याशेजारी जाळीचा गंज. मी काही तो पुसून दिला नाही.