विहिरीकडची भेग

भेग चार बोटं रुंद होती. किसनसिंगने तुरीची काडी आत सोडली. ती हातभर गेली, दोन हात गेली, तरी टेकली नाही. काडी बाहेर ओढून त्याने तिचं टोक हुंगलं. मातीचाच वास आला. त्याने पुन्हा हुंगलं.

मागच्या उन्हाळ्यात ही भेग विहिरीपासून अकरा पावलांवर थांबली होती. आता पाच उरली होती.

भेगेचं दुसरं टोक बांधावरच्या हिवराच्या झाडाखाली होतं. तिथे अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याने सहा पोती पुरली होती. तेव्हा तो मालेगावात एका खताच्या गोदामात हमाल होता. बंदी आलेली कीटकनाशक पावडर फेकायला सांगितली होती. उधळीला, म्हणजे वाळवीला, कामी येईल म्हणून त्याने ती घरी आणली. पावसाळ्यात ओल लागून तिचे गोळे झाले, वास सुटला, तेव्हा छातीइतका खड्डा खणून गाडून टाकली. काळ्या मातीत गेलेलं परत येत नाही, असं त्याला वाटलं होतं.

उन्हाळ्यात नळ आटला की वस्तीवरची सात घरं याच विहिरीचं पाणी पीत. यंदाही नळाला दोन महिने पाणी नव्हतं. त्याची बायको सोनीबाई एका उन्हाळ्यात काविळीने गेली, तेव्हा ती दारू पिते का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. सोनीबाईने कधी चहासुद्धा घेतला नव्हता. त्या उन्हाळ्यापासून तो दरवर्षी सांगायचं ठरवत असे. पाऊस आला की भेग मिटे, आणि मग राहून जाई.

"मामाजी, पुन्हा मोजून राह्यले का?" सून वर्षाराणी कमरेवर हात टेकून विहिरीपाशी उभी होती. तिला सातवा महिना होता. "रोज माप घेता तिचं. लगन लावाचं हाय का?"

तिच्यासोबत आलेली साधना हसली. ती कृषी सहायक होती. सकाळपासून वस्तीवरून मातीचे नमुने गोळा करत होती. भेगेपाशी बसून तिने आत बोट घातलं.

"काका, ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. वरची ढेकळं भेगेत पडतात. पाऊस आला की तीच फुगतात अन् खालच्या मातीला वर लोटतात. माणसानं नांगरलं नाही तरी ती स्वतःच उलथत राहते."

"म्हंजे खालचं वर येते?"

"येते ना. हळूहळू, पण येते."

किसनसिंगच्या हातातली काडी मोडली.

"काहून, मामाजी? आजपासून माप बंद का?" वर्षाराणी म्हणाली आणि बादली विहिरीत सोडली.

साधनाने खुरप्याने भेगेच्या कडेचा लिंबाएवढा पांढुरका खडा उकरला. "ही पाहा चुनखडी. तुमच्या मातीत भरपूर असते." तिने पिशवीतून छोटी बाटली काढली. "अॅसिडचा थेंब टाकला की फसफसते. पाहा गंमत."

थेंब खड्यावर पडला आणि तसाच जिरला.

तिने दुसरा टाकला. शेजारचं मातीचं ढेकूळ घेऊन त्याच्यावर टाकला. ते बारीक फसफसलं. खडा तसाच होता. साधनाने तो खुरप्यावर धरून नाकाजवळ नेला आणि चटकन दूर केला.

"चुनखडी नाही ही," ती हळू म्हणाली. "काका, इथं काही टाकलं होतं का?"

"गावात कोण काय टाकते, कोणाले मालूम," किसनसिंग म्हणाला.

रहाट करकरला. बादली वर आली. वर्षाराणीने तांब्या भरला. "ते राहू द्या, म्याडम. उनातून आल्या, पाणी घ्या पहिले. आमच्या विहिरीचं पाणी लय गोड हाय."

साधनाने खुरपं खाली ठेवलं, हात झटकले आणि तांब्या घेतला. वर्षाराणीने दुसरा भरून स्वतःच्या तोंडाशी नेला. एक थेंब तिच्या हनुवटीवरून पोटावर पडला.

"पिऊ नको," किसनसिंग म्हणाला.

आवाज फार लहान निघाला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"सांड ते, बाई. म्याडम, तुमीबी सांडा." तो भेगेच्या काठावर खाली बसला. "त्या हिवराखाली जहर हाय. सहा पोते. मी पुरले. सातही घराले सांग, आजपासून ही विहीर बंद."